११८४

परवानगी लेखी होती.
शिक्का, सही, जावक क्रमांक,
शनिवार रात्री अकरा ते रविवार पहाटे पाच.
सातपूरच्या कामगार पतसंस्थेची वेबसाइट
मला फोडून दाखवायची होती,
आणि आतलं काही न हलवता
आल्या पावली परतायचं होतं.

सही करताना सचिव पगारसाहेब हसले होते.
"आमच्याकडं कोण कशाला येतंय, मॅडम?
निम्मे सभासद हप्ते थकवून बसलेत.
चोर आलाच तर त्यालाच जामीनदार करू."

इंदिरानगर. खाली पिठाची गिरणी, रात्रीची बंद,
तरी माझ्या कीबोर्डवर रोज पांढरी पूड.
त्यांनी दिलेल्या चाचणीच्या खात्यातून आत शिरले.
वरच्या पट्टीत, पत्त्याच्या टोकाला, आकडा होता: ११८३.
तीन खोडून चार केला.
बस्स.
शेजारच्या घराचं कुलूप
आपल्याच किल्लीनं निघावं, तसं पान उघडलं.

निरगुडे सुमन काशिनाथ.
सोनेतारण. पाटल्या, नग दोन, अडतीस ग्रॅम.
कारण: दवाखाना.
मुदतवाढ. मुदतवाढ.

पाटल्या मी ओळखते.
खालच्या गिरणीत सुमनताई डबा ठोकून पीठ झटकायच्या
तेव्हा त्या वाजायच्या.
दिवाळीनंतर वाजेनात, म्हणून मी विचारलंही होतं.
"पट्ट्यात अडकतात गं, काढून ठेवल्यात."

पुराव्याला एक पान पुरतं.
नाव काळं करून चित्र जतन केलं.
११८५ कडं गेले नाही.

मग सर्व्हरच्या नोंदी काढल्या,
तर तिथं माझ्याआधीची पावलं.
मंगळवार रात्रीपासून कुणीतरी, कुठूनतरी,
एक नंबरपासून सुरुवात करून
दर सात मिनिटांना एक दार.
घाई नाही. आवाज नाही.
आता आठशे एकाहत्तरवर होता.

दोन वीसला पगारसाहेबांना उठवलं.
मी आयपी, सेशन, काय काय सांगत होते.
ते मूळचे सराफ बाजारातले.
मधेच म्हणाले, "ते राहू द्या,
पाणी मारुतीच्या कुठवर आलंय?"
गोदा चढली की दुतोंड्याकडं बघून
ज्यांनी पिढ्यान् पिढ्या दुकानं रिकामी केली
त्यांचा प्रश्न.
"छातीला लागलंय," मी म्हणाले.
"मग थांबलात कशाला? बंद करा."
दोन एकतीसला साइट बंद.

भूषणनं आठ दिवसांत दुरुस्त केलं.
दोनच ओळी होत्या हो, तो सारखं म्हणत होता,
दोनच ओळी राहिल्या होत्या:
मागणारा आणि खातं, दोघांचं नाव एकच आहे का,
हे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.
मी पुन्हा ११८४ टाकून पाहिलं.
'हे पान पाहण्याचा आपल्याला अधिकार नाही.'
दोनदा वाचलं. छान शुद्ध मराठी होती.

एक ते आठशे एकाहत्तर, सगळ्यांना
संस्थेची माफीची पत्रं गेली.
सुमनताईंना गेलं नाही.
त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नव्हता.
११८४ उघडणारी परकी
मी एकटी.
अहवालात सगळं आहे: त्रुटी, तीव्रता, उपाय,
खाली माझं नाव, शर्वाणी गायधनी.
परवानगीचं पत्र काढून पुन्हा पाहिलं.
त्यावर सही पगारसाहेबांची आहे.

सोमवारी बाजरी घेऊन खाली गेले.
सुमनताईंनी डबा घेतला,
कोपरापर्यंत पांढरे हात,
दोन काचेच्या बांगड्या, त्याही पिठानं माखलेल्या.
"बारीक की जाडसर?"
मी वजनकाट्याकडं बघत राहिले.
"जाडसर," म्हणाले.
पट्टा सुरू झाला आणि पुढचं
काही ऐकू येईना.